समाईक वसाहतीचा प्रस्ताव : बडोद्यातील एका गृहनिर्माण संस्थेचे प्रकरण

पार्श्वभूमी

बडोद्यात विश्वामित्री नदीपासून फार दूर नसलेल्या एका भागात ही सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. प्रत्येकी तळमजला आणि वर तीन मजले असलेल्या तीन इमारती, एकूण छत्तीस सदनिका आणि १९७८ च्या सुमाराचे बांधकाम असे तिचे स्वरूप आहे. मूळ सभासद बहुतेक मराठी नोकरदार होते. दांडिया बाजार आणि रावपुरा भागांतल्या वाड्यांमधून बाहेर पडून, भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढून आणि बायकांचे दागिने गहाण ठेवून त्यांनी ही घरे घेतली. आज सुमारे एक तृतीयांश कुटुंबे गुजराती आहेत. मराठी घरांतली मुले पुणे, बंगळुरू किंवा परदेशात आहेत आणि बऱ्याच सदनिकांमध्ये साठीपुढचे एकटे किंवा दोघेच राहतात.

सहकार या शहराला नवा नाही. विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी १८८९ मध्ये बडोद्यात 'अन्योन्य सहकारी मंडळी' काढली. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा देशात १९०४ मध्ये आला, म्हणजे मंडळी कायद्याच्या पंधरा वर्षे आधीची. जुन्या सभासदांना हा इतिहास तोंडपाठ आहे आणि सभेत त्याचा उल्लेख अभिमानाने होतो. मात्र त्याच सभेत गच्चीच्या किल्लीवरून तासभर वादही होतो.

प्रश्न

२०२४ च्या सुरुवातीला एका बिल्डरचा पुनर्विकासाचा प्रस्ताव आला. जुन्या इमारती पाडायच्या, प्रत्येकाला थोडी मोठी सदनिका द्यायची, बांधकामाच्या काळात भाडे द्यायचे आणि वरची वाढीव घरे बिल्डरने विकायची, असे त्याचे स्वरूप होते. गुजरातमध्ये पंचवीस वर्षांहून जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाला आता सर्वांची नव्हे, तर ७५ टक्के सदनिकाधारकांची संमती पुरते. या संस्थेत तो आकडा सत्तावीस होतो. उन्हाळा संपेपर्यंत चोवीस सह्या झाल्या होत्या.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस पूर आला. तळमजल्यावरच्या नऊ घरांत पाणी शिरले, पंप बुडाला, वीज गेली. तळमजल्यावरची कुटुंबे वरच्या घरांत वाटून गेली. सर्वांकडचे गॅस सिलिंडर, तांदूळ, डाळ आणि बटाटे मधल्या इमारतीच्या गच्चीखालच्या जिन्यात गोळा झाले आणि पाणी ओसरेपर्यंत सर्वांचा स्वयंपाक एकत्र झाला. मगरीच्या भीतीने मुलांना खाली उतरू दिले नव्हते, म्हणून त्यांची शाळाही दुसऱ्या मजल्यावरच्या एका बैठकीच्या खोलीत भरली. या दिवसांनी बऱ्याच जणांच्या मनात एकच प्रश्न सोडला : हे चार दिवस जमले, तर एरवी का जमू नये?

तो प्रश्न कागदावर उतरवला चाळिशीतल्या एका सभासद बाईंनी. त्या महाविद्यालयात शिकवतात. यापुढे त्यांचा उल्लेख 'प्रस्तावक' असा केला आहे. दिवाळीनंतर त्यांनी बिल्डरच्या प्रस्तावाला पर्याय म्हणून 'समाईक वसाहत' या नावाने नऊ पानांचे टिपण समितीला दिले. संस्थेचा बाहेरचा हिशेब तपासनीस म्हणून प्रस्तुत लेखक पुढच्या बहुतेक बैठकांना हजर होता.

प्रस्तावात काय होते

टिपणाचा गाभा असा होता की घर राहण्यासाठी आहे, विकून नफा कमावण्यासाठी नाही. म्हणून कोणत्याही सभासदाने सदनिका सोडताना ती संस्थेलाच परत द्यावी आणि मूळ भरलेली रक्कम महागाईच्या प्रमाणात वाढवून तेवढीच घ्यावी. एक वेळचे जेवण समाईक स्वयंपाकघरात व्हावे. खासगी मोटारी विकून संस्थेच्या मोजक्या मोटारी ठेवाव्यात. शिडी, ड्रिल मशीन, चाकाची खुर्ची, रुग्णाचा पलंग, मोठी पातेली अशा वस्तू एका खोलीत असाव्यात. देखभालखर्च घराच्या आकारावर न बेतता उत्पन्नावर बेतावा आणि प्रत्येक घराने महिन्याचे काही तास श्रम द्यावेत. शेवटचे कलम सर्वांत धाडसी होते : चौकीदाराचे कुटुंब आणि वर्षानुवर्षे येथे काम करणाऱ्या बायका यांनाही या व्यवस्थेत हक्काचा वाटा असावा.

टिपण वाचून अध्यक्षांनी, जे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, पहिली प्रतिक्रिया दिली ती अशी : "ताई, तुमचं सगळं पटतं. फक्त एवढंच सांगा, माझ्यानंतर हे घर हिच्या हातात राहणार ना?" पुढच्या तीन महिन्यांतली सारी चर्चा या एका वाक्याभोवती फिरली, असे म्हटले तरी चालेल.

समोर ठेवलेली उदाहरणे

प्रस्तावकांनी आणि त्यांच्या विरोधकांनीही अभ्यास केला होता, हे या प्रकरणाचे वैशिष्ट्य. विरोधकांच्या बाजूने गॅरेट हार्डिन यांचा १९६८ चा युक्तिवाद आला. कुरण सर्वांचे असले की प्रत्येक जण एक गाय जास्त सोडतो, कारण फायदा त्याचा एकट्याचा आणि नुकसान सर्वांत वाटलेले, आणि शेवटी कुरणच संपते. त्याला उत्तर म्हणून प्रस्तावकांनी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे काम मांडले. २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. शेकडो वर्षे टिकलेली समाईक कुरणे, जंगले आणि पाटबंधारे तपासून त्यांनी दाखवले की जिथे सीमा स्पष्ट असते, नियम तिथल्याच लोकांनी केलेले असतात, देखरेख असते आणि शिक्षा पायरीपायरीने वाढते, तिथे समाईक मालमत्ता उजाड होत नाही. स्वित्झर्लंडमधील ट्योर्बेल या गावाचा १५१७ चा नियम त्यांनी वाचून दाखवला : आपल्या चाऱ्यावर हिवाळ्यात जितक्या गाई पोसता येतील, त्याहून जास्त गाई कोणी डोंगरावरच्या समाईक कुरणात सोडू नयेत. या नियमाने सभा एकदम जागी झाली. त्याचे कारण पुढे मोटारींच्या जागेसंदर्भात येईल.

मराठी उदाहरणे अर्थातच जवळची वाटली. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी उभारलेल्या पाणी पंचायतीत पाण्याचा वाटा जमिनीच्या मापाने नव्हता, घरातल्या माणसांच्या संख्येने होता. भूमिहीनांनाही वाटा होता, उसाला पाणी नव्हते आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे. प्रस्तावकांच्या टिपणातले शेवटचे कलम सरळ इथून आले होते. बडोद्यात शिकलेल्या विनोबांचे ग्रामदानही निघाले. त्यातील सुलभ स्वरूपात जमिनीची मालकी ग्रामसभेकडे जाते, विसावा हिस्सा भूमिहीनांना मिळतो आणि उरलेली जमीन मूळ कुटुंबच पिढ्यान्‌पिढ्या कसते, पण बाहेर विकू शकत नाही. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २०१३ मध्ये हाच मार्ग धरला.

इस्राएलमधील किबुत्झ या सामूहिक वसाहतींचा दाखला मात्र दोन्ही बाजूंना हवा तसा वापरता आला. १९१० मध्ये सुरू झालेले देगानिया हे पहिले किबुत्झ. समाईक भोजनगृह, समाईक तिजोरी, सर्वांना सारखा वाटा अशी त्याची रीत होती. पुढे अनेक किबुत्झांत पगार कामानुसार झाले आणि २००७ मध्ये खुद्द देगानियानेही तेच केले. "म्हणजे शेवटी खासगीकरणच ना?" असे एका बाजूने विचारले गेले, तर "जवळजवळ शंभर वर्षे चालले, आपला लिफ्टचा करार पाच वर्षे टिकत नाही," असे दुसऱ्या बाजूने. दोन्ही म्हणणी खरी असल्यामुळे त्यातून काहीच निष्पन्न झाले नाही.

पर्याय

समितीपुढे तीन सरळ पर्याय होते : बिल्डरचा प्रस्ताव, प्रस्तावकांची संपूर्ण योजना, किंवा केवळ दुरुस्ती. चौथा पर्याय नंतर निघाला आणि त्याची वाट जुन्या कागदपत्रांनी मोकळी केली.

कायदेशीर सल्ल्यासाठी नोंदणीचे मूळ कागद काढले तेव्हा असे दिसले की संस्था भाडेकरू सहभागीदारी पद्धतीची आहे. म्हणजे जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेच्या मालकीची. सभासदाकडे असतो तो भागांचा दाखला आणि सदनिकेत राहण्याचा हक्क. ज्या कल्पनेला सभेत काही जण साम्यवाद म्हणत होते, ती निम्मीअधिक १९७८ पासून त्यांच्या कपाटात सही-शिक्क्यानिशी पडून होती. प्रस्तुत लेखकाच्या मते या शोधाने चर्चेचा सूर बदलला. मालकी समाईक करायची की नाही, हा प्रश्न मागे पडला. ती आहेच. उरला तो प्रश्न बाहेर पडणाऱ्याला काय मिळावे याचा.

बाहेर पडण्याचा भाव

या मुद्द्यावर सर्वाधिक वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. कोषाध्यक्षांनी फळ्यावर मांडलेला हिशेब येथे देण्यासारखा आहे. १९७८ मध्ये ज्या सदनिकेसाठी चाळीस हजार रुपये भरले, ती आज चाळीस लाखांना जाते असे धरू. ग्राहक किंमत निर्देशांक या काळात साधारण अठ्ठावीस पटींनी वाढला. म्हणजे प्रस्तावकांच्या सूत्राने सभासदाला सुमारे अकरा लाख मिळतील. अमेरिकेत जमीन स्वतःकडे ठेवून घरे देणाऱ्या काही सामुदायिक भूमी न्यासांमध्ये घर सोडणाऱ्याला वाढलेल्या किमतीचा एक चतुर्थांश हिस्सा देण्याची पद्धत आहे. ते सूत्र लावले तरी रक्कम सव्वादहा लाखांच्या जवळच येते. दोन वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचल्याचा कोषाध्यक्षांना झालेला आनंद सभेला मात्र झाला नाही, कारण उरलेले एकोणतीस-तीस लाख कोणाचे, हे कोणी सांगितले नव्हते.

प्रस्तावकांचे उत्तर तर्कशुद्ध होते. ही वाढ घराच्या भिंतींची नाही, भिंती तर झिजल्या. वाढ जमिनीची आहे, आणि जमिनीची किंमत रस्ता, पूल, पाणीपुरवठा, शाळा आणि शेजार यांनी वाढवली. हेन्री जॉर्ज यांनी १८७९ मध्ये हेच मांडले होते की जमिनीच्या भाववाढीवर समाजाचा हक्क असतो. मग ती वाढ पुढच्या तरुण कुटुंबाला स्वस्त घराच्या रूपाने का मिळू नये?

त्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या एका विधवा सभासद उभ्या राहिल्या. त्यांचे पती खासगी कारखान्यात होते, त्यांना निवृत्तिवेतन नाही. "रस्ता सरकारने बांधला, मान्य. पण ह्यांचं बायपास सरकारने नाही केलं. तेव्हा आम्ही गावची जमीन विकली. आता माझ्यावर वेळ आली तर माझ्याकडे एवढंच आहे." हा युक्तिवाद भावनेचा म्हणून बाजूला ठेवता येत नाही. भूमी न्यासांमध्ये घर घेणाऱ्याला सुरुवातीला सवलतीच्या दरात घर मिळालेले असते, म्हणून सोडताना त्याच्यावर मर्यादा घालणे न्याय्य ठरते. येथे सभासदांनी पूर्ण किंमत स्वतः भरली होती. शिवाय ज्या समाजात म्हातारपणाची, आजारपणाची आणि मुलांच्या शिक्षणाची तरतूद घराच्या किमतीतच साठवावी लागते, तिथे फक्त घर समाईक करायचे आणि बाकीचे सारे ज्याचे त्याच्यावर सोडायचे, म्हणजे विहिरीत उतरवून दोर वर ओढून घेण्यासारखे आहे. प्रस्तावकांनी हे मान्य केले, आणि समाईक आरोग्यनिधीचे कलम आपल्या टिपणात पहिल्यापासून असायला हवे होते असे त्या म्हणाल्या. त्यासाठी लागणारी वर्गणी काढून पाहिली तेव्हा ती छत्तीस घरांच्या आवाक्याबाहेर होती. एवढ्या लहान गटात दोन मोठी आजारपणे एकाच वर्षी आली तर निधी रिकामा होतो. विम्याचे गणित मोठ्या संख्येवर चालते.

सभेचा निर्णय

जानेवारी २०२५ मध्ये विशेष सर्वसाधारण सभा झाली. बिल्डरच्या बाजूने आणखी एक सही मिळून संख्या पंचवीसवर थांबली, सत्तावीस झाली नाही. प्रस्तावकांच्या संपूर्ण योजनेला नऊ मते पडली. पुराची झळ लागलेल्या तळमजल्यावरच्या कुटुंबांचे मत येथे निर्णायक ठरले असते, पण त्यांच्यातच फूट होती. काहींना बिल्डरकडून उंचावरचे घर हवे होते आणि काहींना बांधकामाच्या काळात भाड्याच्या घरी जायचे नव्हते.

त्यानंतर अध्यक्षांनी, कदाचित थकव्यापोटी, टिपणाची कलमे वेगवेगळी मताला टाकली. दुरुस्तीचा ठराव मंजूर झाला आणि त्याबरोबर प्रस्तावातील बहुतेक कलमे सौम्य स्वरूपात, एका वर्षाच्या मुदतीने, स्वीकारली गेली. हा चौथा पर्याय कोणी आखलेला नव्हता. प्रस्तुत लेखकाला मात्र तोच या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा वळणबिंदू वाटतो, कारण ज्या कल्पना एकत्र बांधल्यामुळे सगळ्यांचे विरोधक एक झाले होते, त्यांचे विरोधक आता वेगवेगळे झाले. मोटारींच्या कलमाला विरोध करणारे स्वयंपाकघराच्या बाजूने होते आणि स्वयंपाकघर नको म्हणणाऱ्यांना वस्तूंची खोली हवी होती.

कृती

इमारतींची दुरुस्ती, पंप आणि विजेची मीटरपेटी वरच्या पातळीवर नेणे ही कामे पावसाळ्यापूर्वी झाली. त्याबद्दल वेगळे सांगण्यासारखे काही नाही.

वस्तूंची खोली सर्वांत सहज जमली. सयाजीराव महाराजांच्या काळात बडोदे संस्थानात पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत असत. त्या फिरत्या वाचनालयांची आठवण ठेवून एका निवृत्त ग्रंथपालांनी नोंदवही आखली : वस्तू, घर क्रमांक, नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख, आणि शेवटचा रकाना 'कोणत्या स्थितीत'. हा शेवटचा रकाना त्यांनी हट्टाने ठेवला. पुरणयंत्राची जाळी वाकलेली परत आली तेव्हा वाद झाला नाही, नोंद झाली. दुसऱ्या वेळी अनामत घेतली आणि तिसऱ्या वेळी त्या घराला दोन महिने वस्तू बंद. पायरीपायरीने वाढणारी शिक्षा म्हणजे काय, हे ऑस्ट्रॉम न वाचलेल्या माणसाने नेमके अमलात आणले.

मोटारींचे कलम फसले. संस्थेच्या नावे मोटार घेऊन किलोमीटरमागे पैसे आकारायचे, तर खासगी नोंदणीच्या वाहनाचा भाड्याने वापर ठरतो आणि अपघात झाल्यास विमा मिळण्याची खात्री राहत नाही. व्यावसायिक परवाना काढण्याचा खर्च आणि व्याप कोणाला परवडणारा नव्हता. त्याऐवजी ट्योर्बेलच्या गाईंचा नियम आवारातल्या जागेला लागू झाला. प्रत्येक घराला एक जागा, दुसऱ्या मोटारीला चढे शुल्क, तिसरी बाहेर. चार-पाच घरांतल्या न वापरलेल्या मोटारी वर्षभरात विकल्या गेल्या. तिथे आता मुले खेळतात आणि संध्याकाळी खुर्च्या मांडल्या जातात.

उत्पन्नानुसार देखभालखर्चाला "आमचे उत्पन्न शेजाऱ्याने का पाहावे?" ही हरकत आली आणि ती रास्त होती. अखेर आकारणी जुन्याच पद्धतीने राहिली, पण एक सवलत निधी काढला. अडचणीतल्या घराने समितीकडे नव्हे, तर बाहेरच्या हिशेब तपासनीसाकडे अर्ज करायचा आणि समितीला फक्त एकूण रक्कम कळायची. ही व्यवस्था टिकली. श्रमदानाचे तास मात्र तिसऱ्या महिन्यातच आटले.

स्वयंपाकघर

गुढीपाडव्याला तळमजल्यावरच्या एका बंद सदनिकेत दुपारच्या जेवणाचे समाईक स्वयंपाकघर सुरू झाले. ही सदनिका परदेशातल्या सभासदाने विनाभाडे दिली होती. बावीस घरांनी नावे नोंदवली. पगारी स्वयंपाकी बाई, मदतीला एक जण, आणि भाजी आणण्याची पाळी सभासदांची. पहिले तीन महिने उत्साहात गेले. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना गरम पोळी आणि बोलायला माणूस मिळाले. स्वयंपाकघर तेवढ्यावर थांबले असते, तरी त्याचा खर्च वसूल होता.

अडचण कांदेनवमीनंतर आली. चातुर्मास पाळणाऱ्या घरांना कांदा-लसूण चालेना, तर इतर घरांना चार महिने बिनकांद्याची आमटी नको होती. त्यात वरण गोड की तिखट हा बडोद्यातला सनातन प्रश्न होताच. समितीने दोन पातेल्यांचा ठराव केला, म्हणजे बाईंचे काम वाढले आणि पगार तोच राहिला. त्यांनी एके दिवशी येणेच बंद केले. तेव्हा कुठे लक्षात आले की जेवणाऱ्यांचे मत दर आठवड्याला विचारले जात होते, रांधणाऱ्या बाईंचे एकदाही नाही. प्रस्तावकांनी त्यांच्या घरी जाऊन बोलणी केली. पगार वाढला, रविवारची सुट्टी ठरली आणि स्वयंपाकघराच्या समितीत त्यांना मताधिकारासह जागा मिळाली. दुसऱ्या पातेल्याचा खर्च ते मागणाऱ्यांवर पडला, तेव्हा ते मागणारी घरे निम्म्यावर आली. आज चौदा घरे जेवतात.

परिणाम

सदनिका परत घेण्याच्या कलमाचे पुढे काय झाले, ते वेगळे सांगायला हवे. भावावर मर्यादा घालण्याऐवजी सभेने संस्थेला खरेदीचा पहिला हक्क देणारी पोटनियमदुरुस्ती केली आणि ती निबंधकांकडे नोंदवून घेतली. दोन मूल्यमापकांच्या सरासरीने भाव, नव्वद दिवसांची मुदत, आणि त्यासाठी दरमहा प्रत्येक घराकडून तीनशे रुपयांचा 'घरनिधी' असे ठरले. विकत घेतलेली सदनिका संस्थेने माफक भाड्याने तरुण कुटुंबाला द्यावी, असा हेतू होता.

नोव्हेंबर २०२५ मध्ये एका निवर्तलेल्या सभासदाच्या पुतण्याने सदनिका विकायला काढली. सरासरी भाव अडतीस लाख निघाला. निधीत एप्रिलपासूनचे शहाऐंशी हजार चारशे रुपये होते. तीनशे गुणिले छत्तीस गुणिले बारा, म्हणजे वर्षाला एक लाख एकोणतीस हजार सहाशे. या गतीने एक सदनिका घ्यायला एकोणतीस वर्षे लागली असती. हा भागाकार ठराव मंजूर करताना कोणीच करून पाहिला नव्हता. कर्ज काढण्याची कल्पना निघाली, परंतु भाडे माफक ठेवायचे तर त्यातून हप्ता फिटत नव्हता. सदनिका बाजारभावाने बाहेरच्या कुटुंबाला गेली. नव्या कुटुंबाकडे दोन मोटारी आहेत आणि ते दुसरीचे चढे शुल्क बिनतक्रार भरतात. स्वयंपाकघरात ते जेवत नाहीत.

चौकीदाराच्या कुटुंबाचे काय झाले, हे सभेच्या इतिवृत्तात शोधावे लागते. दाहोदकडून आलेले हे कुटुंब जिन्याखालच्या खोलीत राहत होते आणि पुरात सर्वांत आधी त्यांचेच सामान गेले. सभासदत्वाचे कलम मताला आले तेव्हा कोणी विरोधात बोलले नाही. बाजूनेही बोलले नाही. ठराव पुढे ढकलला गेला. पुढे संस्थेच्या कार्यालयाची पहिल्या मजल्यावरची खोली त्यांना राहण्यासाठी लेखी पत्राने दिली आणि कार्यालय जिन्याखाली आले. त्या पत्रात नोकरी असेपर्यंत एवढीच मुदत आहे.

वेगळे काय करता आले असते

प्रस्ताव पहिल्यापासून वेगवेगळ्या कलमांत आणता आला असता, असे समितीतील अनेकांचे आज मत आहे. ते पूर्ण पटत नाही. नऊ पानांचे ते टोकाचे टिपण नसते, तर जुने नोंदणीपत्र कोणी कपाटातून काढले नसते आणि चर्चा बिल्डर की दुरुस्ती एवढ्यावरच राहिली असती. संपूर्ण आराखडा सभेपुढे यायला हवाच होता. तो मताला टाकताना मात्र सुटा करायला हवा होता, आणि तोही अध्यक्षांच्या थकव्यावर न सोडता आधी ठरवून.

दुसरी गोष्ट क्रमाची. समितीने सोपी कलमे आधी घेतली आणि अवघड कलम शेवटी ठेवले. चौकीदाराचे कलम रात्री साडेदहाला चर्चेला आले, जेव्हा निम्मे सभासद चपला घालत होते. पाणी पंचायतीने भूमिहीनांचा वाटा नियमावलीच्या सुरुवातीलाच धरला होता, म्हणून पुढचे सगळे हिशेब त्यांना धरून झाले. येथे तो प्रश्न मागाहून जोडायचा असल्यामुळे प्रत्येकाला तो आपल्या वाट्यातून कापला जाणारा तुकडा वाटला. किमान सहयोगी स्वरूपाचा हक्क, निदान नोकरी सुटल्यावर ठरावीक महिने राहण्याची हमी, हे पहिल्याच सभेत मांडता आले असते.

घरनिधीबाबत छत्तीस घरांनी एकट्याने हे ओझे उचलायचे नाही, असे आधी ठरवायला हवे होते. त्याच भागात अशाच वयाच्या आणि अशाच पद्धतीच्या आणखी काही संस्था आहेत. त्यांनी मिळून एकच निधी केला असता, तर निदान चार-पाच वर्षांत एक सदनिका समाईक ताब्यात येऊ शकली असती, आणि आरोग्यनिधीचे गणितही मोठ्या संख्येवर पुन्हा मांडता आले असते. प्रस्तावकांनी अशा दोन संस्थांच्या चिटणिसांशी बोलणी सुरू केली आहेत. त्यांतल्या एकीने आधी आपली नोंदणी कोणत्या पद्धतीची आहे ते पाहून सांगतो, असे कळवले आहे. दुसऱ्या संस्थेत बिल्डरच्या सह्या पूर्ण होत आल्या आहेत.

वार्षिक सभेपुढे सध्या तीन ठराव आहेत : एक वर्षाची मुदत संपलेली कलमे कायम करणे, घरनिधीची वर्गणी तीनशेवरून पाचशे करणे, आणि चौकीदाराच्या खोलीच्या पत्रातील मुदत बदलणे. प्रस्तावकांनी समितीला लेखी विनंती केली आहे की तिसरा ठराव कार्यक्रमपत्रिकेत पहिला घ्यावा.